समुद्र सांडेल हं, बाई!

मुलांनो, तुमच्यापैकी समुद्र किती जणांनी पाहिलाय? करा बरं हात वर! (प्रश्न विचारला की हात वर करायला सांगायचं, ही माझी वर्गातली सवय. कागदावर लिहितानाही सुटत नाही.)

ज्यांचे हात खाली राहिले त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नका. बावीस वर्षांची होईपर्यंत मीसुद्धा तुमच्यातच होते. माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. आमच्या माणगंगेला पाणी आलं की लोक कामधाम सोडून पुलावर बघायला जायचे, इतकं त्या पाण्याचं कौतुक! मी डी.एड. झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात. दापोली तालुका, हर्णै बंदराच्या जवळ. आईनं डबा बांधून देताना एवढंच विचारलं, "तिथं प्यायचं पाणी गोड असतं का गं?"

पहिल्याच आठवड्यात मी वर्गात फळ्यावर माशाचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं : 'मासा'. चौथीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, कुठला मासा?" मी म्हटलं, "कुठला म्हणजे? मासा!" सगळा वर्ग हसला. मग एकेकानं नावं सांगायला सुरुवात केली. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, रावस, घोळ, मांदेली, बोंबील, माकूल... फळा भरला. माझा मासा त्यातला कुठलाच नव्हता! त्या उठून विचारणाऱ्या मुलाचं नाव मी इथं सांगणार नाही, तसं त्यानं बजावलंय. वर्गात त्याला सगळे 'बांगडा' म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

आता मुख्य गोष्ट. २०१८ सालच्या दिवाळीत मी एका सहकारी शिक्षकाकडून जुना डिजिटल कॅमेरा विकत घेतला. परिसर अभ्यासाच्या तासाला लावायला आमच्याच परिसराचे तक्ते करायचे, असं डोक्यात होतं. पुस्तकातलं बंदर परकं वाटतं. आपल्या घरासमोरचं बंदर भिंतीवर लागलं तर पोरं किती खूश होतील!

पहिल्याच रविवारी हर्णैला गेले आणि एका तासात एकशेवीस फोटो काढले. सोमवारी मोठ्या ऐटीत शाळेच्या संगणकावर ते मुलांना दाखवले. पहिला फोटो आला. मागे सुवर्णदुर्ग, पुढे रांगेत बोटी. मी वाट बघत राहिले, कुणीतरी 'वा' म्हणेल म्हणून. बांगडा मान तिरकी करून बघत होता. म्हणाला, "बाई, समुद्र वाकडा झालाय. सांडेल हं!"

खरंच की! कॅमेरा हातात तिरका धरला गेला होता आणि पाण्याची रेघ डावीकडून उजवीकडे अशी उतरत होती, जणू कुणी परात कलती केलीय. दुसऱ्या फोटोत सगळी माणसं काळी ठिक्कर, कारण मावळता सूर्य त्यांच्या पाठीमागे आणि मी समोर. तिसऱ्यात बैल होते, पण चार पायांचे आठ पाय दिसत होते. एकशेवीसातले चार फोटो मुलांनी पास केले. मी परीक्षेत इतकी कधीच नापास झाले नव्हते!

ते बैल पाण्यात काय करत होते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सांगते. पण त्याआधी भरती-ओहोटीचं थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, पाढे येत असले की पुरे.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे तुम्ही शिकलाच असाल. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. आमची पोरं ओहोटीला 'सुकती' म्हणतात. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात. हा सगळा चंद्राचा खेळ (थोडा सूर्याचाही), म्हणून भरतीची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरते. रोज ती पाऊण-एक तासानं पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी यासाठी एक झकास युक्ती काढून ठेवलीय. आजची तिथी घ्या, तिला तीननं गुणा, चारनं भागा. उत्तर येईल त्या सुमाराला पूर्ण भरती! अष्टमी असेल तर आठ गुणिले तीन चोवीस, भागिले चार सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडी काढायला पुरतं. हे मला कुणी शिकवलं? चौथीच्या वर्गानं. मी त्यांना त्रैराशिक शिकवत होते आणि ते मला हे!

तर आता बैल. हर्णैच्या किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे. मोठ्या बोटी अगदी काठापर्यंत येऊ शकत नाहीत, वाळूत रुततील. म्हणून मी सांगतेय त्या काळात त्या लांब पाण्यात नांगर टाकून उभ्या राहायच्या. मासळी काठावर आणायची कशी? कुठे छोट्या होड्यांमधून आणि कुठे चक्क बैलगाडीतून! गाडीवान गाडी पाण्यात घालतो, बैल पोटापर्यंत बुडेस्तोवर पुढे जातात, बोटीवरच्या टोपल्या गाडीत उतरवल्या जातात आणि गाडी परत वाळूवर. लाट आली की बैल माना वर धरतात. आमच्याकडे बैल विहिरीच्या थारोळ्याजवळ जायलाही बिचकतात, आणि हे बघा, समुद्रात! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कॅमेरा हातात आहे हेच विसरले. आठ पायांचे बैल आले ते दुसऱ्या खेपेला.

(ते आठ पाय का आले, तेही सांगून टाकते. संध्याकाळी उजेड कमी झाला की कॅमेरा आपली झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. सेकंदाचा तिसावा भागसुद्धा चालत्या बैलाला पुष्कळ होतो, तेवढ्यात तो पाय उचलतो. उन्हात हीच झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटते, मग उडालेलं पाणीही काचेच्या मण्यांसारखं थांबलेलं दिसतं. म्हणून धावपळीचे फोटो चांगला उजेड असतानाच काढून घ्यावेत.)

मग आली नाताळची सुट्टी. २५ डिसेंबरचा दिवस, मंगळवार आणि त्यात संकष्टी, म्हणजे अंगारकी. मला कडक उपास. चतुर्थी म्हणजे चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. तीनच्या सुमारास भरती भरणार आणि मग पाणी उतरू लागणार, तोवर ऊनही कलतं होणार. गणित करून निघाले, अगदी शहाण्यासारखी!

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. तो बघायला लांबलांबून पर्यटक येतात. वाळूवर मासळीचे ढीग आणि टोपल्या, भोवती माणसांचं कोंडाळं. मध्ये एक जण भाव पुकारतोय, "सातशे, सातशे, साडेसातशे..." घेणारा काही बोलत नाही, नुसती भुवई उडवतो किंवा बोट हलवतो आणि लिलाव त्याच्यावर तुटतो. शेजारी बर्फ फोडायचा आवाज. टेम्पोत खोकी चढतायत. कावळे, कुत्री आणि घारी यांचा स्वतंत्र बाजार. आणि वास! वासाचा फोटो निघत नाही, हे फार बरं आहे.

पापलेटं ओळीनं मांडून एक काकी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातातला कोयता चालतोय सपासप. मी दोन पावलांवर उभी राहून कॅमेरा डोळ्याला लावला.

"ओ ताई! विचारलंत का?"

कोयता थांबला होता. मी गडबडले. म्हटलं, "नाही, म्हणजे... फोटो छान येईल म्हणून..."

"छान येईल ना? मग तो जातो कुठं? रोज पन्नास लोक येतात नि काढून नेतात. एकानं तरी मला दाखवला का? परवा एकीनं काढला, नि तिची मैत्रीण नाकाला रुमाल लावून हसत होती मागं. त्या फोटूत मी कशी दिसतेय, मला काय ठाऊक?"

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. माझे कान तापले. मुलांनो, वर्गात तुमच्यापैकी कुणी न विचारता दुसऱ्याची पेन्सिल घेतली तर मी काय म्हणते, ते मला आठवलं आणि आणखीच लाज वाटली. कॅमेरा पिशवीत टाकला. "चुकलं काकी," म्हटलं आणि निघाले, तर त्याच म्हणाल्या, "अगो बस की आता. तोंड सुकलंय. खाल्लंस का काही?"

"उपास आहे, अंगारकी."

"मग माझा नाय काय?" आणि त्या खळखळून हसल्या. पुढ्यात पापलेटांचा ढीग, हाताला खवले चिकटलेले आणि या बाईंना सकाळपासून उपास! डब्यातून त्यांनी दोन केळी काढली, एक मला दिलं. केळं खाता खाता बोलणं निघालं. पहाटे चारला उठायचं, घरचं आवरायचं, लिलावात माल उचलायचा. घेतलेला भाव सुटला तर ठीक, नाही तर नुकसान आपल्या पदरात. मासा उद्यापर्यंत थांबत नाही. नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. बोटीत बर्फ, डिझेल, पाणी, शिधा भरून जातात ते कधी दोन दिवसांनी, तर कधी आठवड्यानं येतात.

बोलता बोलता त्यांना कळलं की मी शाळेतली बाई. मग त्या सावरून बसल्या, पदर नीट केला, कोयता बाजूला ठेवला. "काढ आता. पण पापलेट दिसू दे. नि मला दाखव."

मी काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग शेजारणीला दाखवला. "डोळे मिटलेत गो माझे! परत काढ." पाच वेळा काढला. त्या दिवसापासून मी एक वहीच केली. फोटो कुणाचा, कुठे बसतात, छापून कधी दिला. ही वही अजून चालू आहे.

इतक्यात किनाऱ्याच्या टोकाकडून बांगडा पळत आला. "बाई, तुम्ही आलाय? आमच्या आजोबांची होडी बघायला चला!"

लांब, गर्दी संपते तिथे, सुरूच्या झाडांच्या अलीकडे वाळूवर एक लहानशी लाकडी होडी ओढून ठेवलेली होती. मोठ्या बोटींपुढे अगदीच चिमुकली. तिच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्या आणि काठ्यांच्या टोकाला एक लाकडी ओंडका बांधलेला. याला म्हणतात उलांडी. होडी लाटेवर कलली की हा ओंडका पाण्यावर टेकतो आणि तिला उलटू देत नाही. पोहायला शिकताना आपण कुणाचा तरी हात धरतो ना, तसंच. बांगड्याचे आजोबा फळ्यांच्या फटींत कापूस ठासत बसले होते. वरून राळ आणि तेल यांचं मिश्रण लावायचं म्हणजे पाणी आत झिरपत नाही. आता बहुतेक लोक फायबरच्या होड्या घेतात, त्यांना हा खटाटोप लागत नाही. आजोबा म्हणाले, "फायबर फुटलं की फुटलं. लाकूड दुखलं तर बोलतं, करकरतं. आपण आयकायचं."

इंजिन नाही, शीडही आता नाही. वल्ह्यावर जायचं, किनाऱ्याजवळ जाळं टाकायचं, घरापुरती आणि थोडी विकण्यापुरती मासळी आणायची. आजोबांचं वय सत्तरीच्या पुढे. मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून चाळीस वर्षं काढली आणि त्या पैशांतून ही होडी केली. होडीच्या बाजूला निळ्या रंगात एक नाव रंगवलेलं होतं. बांगडा माझ्या कानात म्हणाला, "आजीचं आहे. आजी नाय आता."

सूर्य खाली येत होता. होडीची नाळ, म्हणजे पुढचं उंचावलेलं टोक, आकाशात अशी सुंदर दिसत होती म्हणता! मी वाळूत अगदी पोटावर आडवी झाले. खालून बघितलं की मागचा डोंगर, टेम्पो, माणसं सगळी नाहीशी होतात आणि नुसतं आकाश उरतं. (ही युक्ती लक्षात ठेवा. आपण उभ्यानं जे बघतो ते सगळेच बघतात. जरा मांजराच्या उंचीवर जाऊन पाहा.) पाण्याची रेघ या वेळी सरळ ठेवली. फोटो झाला : नारिंगी आकाश आणि काळीभोर नाळ. मी आनंदानं आजोबांना दाखवला.

आजोबांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही कोनाची होडी?"

"तुमचीच की, आजोबा!"

"नाव कुटं आहे? नंबर कुटं आहे? अशी नाळ काय, कुनाच्यापन होडीला असते."

प्रत्येक मासेमारी होडीवर नंबर असतो. आयएनडी म्हणजे भारत, एमएच म्हणजे महाराष्ट्र, मग जिल्ह्याचा आकडा आणि पुढे होडीचा स्वतःचा क्रमांक. गाड्यांच्या नंबरासारखंच. आजोबांना फोटो हवा होता तो आडवा, उजेडाच्या बाजूनं, सबंध होडीचा, नाव आणि नंबर वाचता येईल असा. आणि शेजारी आजोबा उभे, सदऱ्याची बटणं लावून, हात सरळ. शाळेच्या ओळखपत्रावर असतो ना, तसाच! मला मनातून काही तो आवडला नाही. पण आजोबांची इच्छा. काढला. बांगड्यालाही हवं होतं, त्याला होडीत बसवून आणखी एक काढला.

परत येईपर्यंत अंधार झाला होता. हर्णैच्या दीपगृहाचा झोत फिरू लागला. हे दीपगृह कनकदुर्गावर आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. शिवाजीमहाराजांनी १६६० साली सुवर्णदुर्ग घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. १७५५ सालच्या एप्रिलमध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर जेम्स यानं तोफा डागून तो जिंकला. गंमत पुढेच आहे. या जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोनं १७८४ साली लंडनला एका टेकडीवर त्रिकोणी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं आपल्या सुवर्णदुर्गाचंच, इंग्रजी उच्चारात 'सेव्हर्नड्रूग'. तो मनोरा आजही तिथे उभा आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, मग लंडनच्या मुलांना हर्णै माहीत असेल!" मी काय उत्तर देणार? तुम्हाला माहीत झालं ना, पुष्कळ झालं.

जानेवारीत दापोलीच्या स्टुडिओतून फोटो छापून आणले आणि वही घेऊन वाटायला गेले. काकींनी आपला फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पैशांच्या बटव्याशेजारी ठेवला आणि गिऱ्हाइकांना दाखवत सुटल्या. माझी पिशवी मात्र बांगड्यांनी जड झाली. म्हणजे माशांनी, आमचा बांगडा सोबत चालतच होता! आजोबांनी सबंध होडीचा फोटो भिंतीवर, आजीच्या तसबिरीखाली लावला. नारिंगी आकाशाचा मी माझ्या खोलीत लावला. तक्ता तयार झाला तो मात्र मुलांच्या पसंतीनं. जाळं शिवणारी माणसं, बर्फाचा टेम्पो, सुकत घातलेले बोंबील, पाण्यातले (चार पायांचे) बैल आणि लिलावात रडणारं एक बाळ.

एका दिवशी कॅमेरा पिशवीतच राहिला, तेही सांगते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारी बंद होण्याच्या आधीचे दिवस. (१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बोटींची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांना अंडी घालायला उसंत हवी असते.) एक बोट परत आली ती फाटलेलं जाळं घेऊन. बहुतेक खडकाला अडकलं होतं. मासळी जवळजवळ नाहीच. खलाशी एकेक करून वाळूवर उतरले आणि कुणी कुणाशी बोललं नाही. जाळं पसरून सगळे त्याच्याभोवती नुसते बसले. उजेड सुरेख होता. माझ्या शेजारी एका पर्यटकानं मोबाइल वर केला, तेव्हा आमच्या पापलेटवाल्या काकींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानं तो खाली घेतला.

मग आलं २०२०. शाळा मार्चमध्येच बंद झाल्या आणि मी आटपाडीला आईकडे होते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर धडकलं. दापोली तालुक्यात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कितीतरी दिवस तिकडे फोन लागत नव्हता. मी रोज वही काढून बसायची. एकेक नाव बघायची आणि नंबर फिरवायची.

पंधरा-वीस दिवसांनी फोन आला तो तिकडूनच. बांगड्याचे बाबा बोलत होते. माणसं सगळी सुखरूप होती. घरावरचे पत्रे गेले, कपाटातल्या कागदांचा लगदा झाला, भिंतीवरच्या तसबिरी गेल्या. आणि होडीवर माड कोसळला. मागचा अर्धा भाग तेवढा शिल्लक होता. नाव आणि नंबर लिहिलेल्या फळ्या पाण्यानं कुठच्या कुठे नेल्या.

"बाई, पंचनामा चाललाय. होडी आमचीच होती याला काय दाखवणार? तो फोटो तुमच्याकडे असेल का?"

होता. मेमरी कार्डावर दोन्ही होते. मी आधी घाईघाईनं उघडला तो नारिंगी आकाशाचा. बघितला, आणि आजोबांचा प्रश्न आठवला, "ही कोनाची होडी?" मग दुसरा काढला. मोठा करून पाहिला. नंबर स्वच्छ वाचता येत होता, आजीचं नावसुद्धा. शेजारी आजोबा, सगळी बटणं लावलेली.

तो फोटो छापून त्यांनी अर्जाला जोडला. मदत आली. नव्या होडीला ती पुरली नाही, हेही खरंच आहे. उरलेली भर बांगड्याच्या बाबांनी दोन हंगाम मोठ्या बोटीवर काम करून घातली. नवी होडी फायबरची आहे. आजोबांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतः ब्रश घेऊन तिच्यावर तेच नाव रंगवलं, निळ्याच रंगात. रंग वाळल्यावर मला निरोप पाठवला की कॅमेरा घेऊन ये. मी गेले, तर आमचा बांगडा आता माझ्यापेक्षा उंच झालेला, ओठांवर मिसरूड. मी कॅमेरा डोळ्याला लावल्यावर मागून आवाज आला, "बाई, समुद्र बघा हं, सांडेल!"

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आता मोबाइल आहे आणि त्यात कॅमेराही. बंदरं झपाट्यानं बदलत असतात. हर्णै असो, मालवण असो, अलिबाग असो किंवा मुंबईची ससून गोदी, तुम्ही जाल तेव्हा मी पाहिलं तेच दिसेल असं नाही. जे दिसेल ते टिपा, पण आधी विचारा. भिंगावर खारं पाणी उडतं, म्हणून एक मऊ सुती फडकं खिशात ठेवा. आणि निघण्यापूर्वी कालनिर्णय काढून तिथी बघा. समजा तुम्ही एकादशीला जाणार आहात. अकरा गुणिले तीन, भागिले चार... सांगा पाहू, पाणी किती वाजता चढलेलं असेल?